नवऱ्यानेच डोळे काढले, तर बाय छ्येनने त्याला माफ का करावं?

लालबागची_लेक

आधीच सांगते, थांग छीची 'टू द स्काय किंगडम' ज्यांना वाचायची आहे त्यांनी हा धागा इथेच बंद करावा. शेवटापर्यंतचं सगळं फुटणार आहे.

ज्यांना फुटलं तरी चालेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ कादंबरी चिनी, आधी इंटरनेटवर प्रकरणाप्रकरणाने आलेली. पॉपी टोलंड यांचा इंग्रजी अनुवाद 2016 मध्ये निघाला आणि 2017 मध्ये यांग मी या अभिनेत्रीची 58 भागांची मालिका आली. मालिका मी पाहिलेली नाही. मला पुस्तकातल्या बाईबद्दल बोलायचं आहे.

बाय छ्येन ही छिंगछ्यूच्या कोल्हेराजाची मुलगी, नऊ शेपटांची पांढरी कोल्हीण. वय एक लाख चाळीस हजार वर्षं. ऐन उमेदीत मुलाचा वेष करून ती कुनलुन पर्वतावर मो युआन या युद्धदेवाकडे शिकायला राहिली. गुरू लढाईत पडला तेव्हा त्याचा देह टिकावा म्हणून 70,000 वर्षं स्वतःच्या काळजाचं रक्त त्याला देत राहिली. पुढे ज्याच्याशी लढताना गुरू पडला, त्याच वैऱ्याला तिने एकटीने परत कोंडलं. त्या झटापटीत तिची शक्ती गेली, आपण कोण हेही ती विसरली आणि साधी मर्त्य बाई होऊन एका डोंगरावर राहू लागली. तिथे तिला ये ह्वा भेटला, स्वर्गाचा युवराज. दोघांनी डोंगरावरच लग्न केलं. मग तो तिला स्वर्गात घेऊन गेला आणि तिचे हाल सुरू झाले.

तिथे सू चिन नावाची एक बाई आहे, जिला ये ह्वा हवा आहे. ती कांगावा करते की या मर्त्य बाईने मला कड्यावरून ढकललं आणि माझे डोळे गेले. शिक्षा ठरते, डोळ्यांच्या बदल्यात डोळे. आणि ते काढतो कोण? तिचा नवरा. बायको तेव्हा गरोदर आहे.

ये ह्वाची बाजू मला ठाऊक आहे. आपलं हिच्यावर किती प्रेम आहे हे स्वर्गाच्या सम्राटाला कळलं तर तो हिला जिवंत सोडणार नाही, म्हणून तो चारचौघांत तिच्याशी कोरडा वागतो. डोळे गेले तरी जीव वाचेल असा त्याचा हिशेब. सगळं कबूल. पण तो तिला एका शब्दाने काही सांगत नाही. ती बिचारी अंधारात पडून समजत राहते की याचं मन दुसरीवर आहे.

बाळंत झाल्यावर ती चाचपडत त्या कड्यापर्यंत जाते. तिच्याकडे एक तांब्याचा आरसा असतो, त्यानेच पूर्वी दिलेला, लांब असताना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. आंधळी बाई आरसा हातात धरून नवऱ्याशी बोलते. मुलाला सांभाळ म्हणते. मी तुला मोकळं केलं, तूही मला कर, आता आपलं एकमेकांकडे काही देणं नाही, अशा अर्थाचं बोलते, आरसा टाकते आणि उडी मारते. हे सगळं पुस्तकाच्या सुरुवातीलाच येतं, बाकीची कादंबरी नंतरची. मर्त्य देह सुटल्यावर ती पुन्हा देवी होते, दुःख विसरण्याचं औषध पिते, आणि तीनशे वर्षांनी तोच नवरा नि तोच मुलगा समोर आल्यावर ओळखतही नाही. उजेड सोसत नाही म्हणून डोळ्यांवर पांढरी रेशमी पट्टी बांधून हिंडते, आणि का सोसत नाही हे तिलाच माहीत नसतं.

पुढे आठवण परत येते. आणि शेवटी ती त्याला माफ करते. इथे मी अडले आहे.

कारण 'तुझ्याच भल्यासाठी केलं' हे मी घरात ऐकलेलं आहे. 1982 च्या गिरणी संपात आजोबांनी आजीच्या पाटल्या तिला न विचारता मोडल्या. हेतू वाईट नव्हता. घरात खाणारी तोंडं होती, पगार बंद होता. तिला विचारलं असतं तर तिने स्वतः काढून दिल्या असत्या, असं ती आईला म्हणाली होती. आजोबांना मात्र कधी काही बोलली नाही, आणि पुढे वडलांनी हौसेने केलेल्या पाटल्याही तिने हातात घातल्या नाहीत. तिने माफ केलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

बारावी झालेल्या भाचीला 'कणखर नायिका' असलेलं काहीतरी वाचायला हवं आहे. हे पुस्तक तिला देऊ का? एवढ्या ताकदीच्या बाईने शेवटी माफ करणं हा कणखरपणा आहे, की लेखिकेला गोड शेवट हवा होता म्हणून तिला नमवलं?

गिरगावची_बाई

लेकी, प्रश्न फार चांगला विचारलास. मी वाचली आहे, दोनदा. निवृत्त झाल्यावर वेळ मिळतो, आणि सूनबाईंनी फोनवर पुस्तकं वाचायला शिकवलं आहे.

तू डोळे काढण्यावर सविस्तर लिहिलंस, पण डोळे परत घेण्यावर एक ओळही नाही. माझ्या मते पुस्तकाचं सगळं बळ त्या जागी आहे. आठवण परत आल्यावर बाय छ्येन पहिल्यांदा कुठे जाते? नवऱ्याकडे जाब विचारायला नाही, आईबापांकडे रडायला नाही. बाप कोल्ह्यांचा राजा, भाऊ एकेक वीर, एक शब्द टाकला असता तर स्वर्गाच्या दारात फौज उभी राहिली असती. ती एकटी सू चिनच्या महालात जाते आणि सांगते की माझे डोळे तुझ्याकडे आहेत, ते घ्यायला आले आहे. तू काढून देतेस की मी काढू? आणि घेऊन येते. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. बदल्यात जास्तीचं काही मागत नाही, आपलं होतं तेवढंच घेते.

हे वाचताना मला वर्गात शिकवलेला युआन श्वांग आठवला. आपल्या शाळेच्या पुस्तकात ह्युएन त्संग असायचा तो. इसवी सन 641 च्या सुमारास, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, तो महाराष्ट्रात आला होता. इथल्या माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की हे लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान केला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, पण सूड घेण्याआधी वैऱ्याला कळवतात आणि मगच शस्त्र उचलतात. जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वीच्या चिनी भिक्षूने आपल्यात जे पाहिलं, ते आजच्या चिनी लेखिकेने आपल्या नायिकेत आणलं आहे असं मला वाटलं. गुरूचे उपकार 70,000 वर्षं फेडले. वैरिणीला आधी बजावलं, मग हात घातला.

राहिला ये ह्वा. ती त्याला लगेच माफ करत नाही, हे तू गाळलंस. तो छिंगछ्यूच्या वेशीवर येऊन उभा राहतो आणि ती त्याचं तोंड बघत नाही. ती घरच्या जुन्या स्नेह्याच्या, त्या म्हाताऱ्या फिनिक्स-देवाच्या पीचवनात जाऊन दारू पीत बसते. आपल्याकडच्या कथांत रुसलेल्या बाईची समजूत काढायला नवरा आला की दोन कडव्यांत राग मावळतो. इथे मावळत नाही. मला ते फार आवडलं.

भाचीला अवश्य दे.

माझगाव_डॉक

मी या चिनी कादंबऱ्या कॉलेजपासून वाचतोय. तेव्हा हौशी अनुवादक एकेक प्रकरण इंग्रजीत करून टाकायचे. 2014 मध्ये वूशियावर्ल्ड हे अशा अनुवादांचं संकेतस्थळ सुरू झालं आणि माझ्यासारख्यांची सोय झाली. त्यामुळे थोडी या प्रकाराची माहिती देतो, म्हणजे तुमचा प्रश्न कुठून येतो ते दिसेल.

या कथांना शियानशिया म्हणतात. माणूस, पशू, झाड, कुणीही साधना करून वरच्या पायरीवर चढू शकतं. आमच्या माझगावात चिनी खलाशांनी बांधलेलं जुनं देऊळ आहे, 1919 चं. चिनी नववर्षाला अजून तिथे गर्दी होते. तिथला देव क्वान कुंग हा मुळात तिसऱ्या शतकातला हाडामासाचा सेनापती. माणसाचा देव होणं ही त्यांच्या श्रद्धेतलीच गोष्ट आहे, कादंबरीकारांनी तिला पायऱ्या पाडल्या. प्रत्येक पायरीला एक संकट भोगावं लागतं. बहुतेक वेळा वीज अंगावर घ्यायची असते.

आता बाय छ्येनच्या दोन पायऱ्या बघा. पहिल्या वेळी तिच्यावर तीन विजा पडणार होत्या, त्या तिच्या वाटच्या मो युआनने स्वतःच्या अंगावर घेतल्या. गुरूने पोरीला आडोसा दिला. दुसरी पायरी सर्वोच्च देवीपदाची, आणि त्या वेळचं संकट म्हणजेच तो मर्त्य जन्म, ते लग्न, ते डोळे. तिथे आडोसा द्यायला कुणी नव्हतं. शक्ती नाही, नाव नाही, माहेर नाही. ज्याने आडोसा द्यायचा त्यानेच डोळे काढले. आणि तरी ती ते भोगून पार झाली. तिचं देवीपद तिने एकटीने कमावलेलं आहे, तेही अशा अवस्थेत की आपण काही कमावतोय हे तिला माहीत नव्हतं. तलवारबाजीच्या दहा प्रसंगांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

दुसरं, ती कोल्हीण आहे हे हलकं समजू नका. छिंगछ्यू आणि तिथला नऊ शेपटांचा कोल्हा हे लेखिकेने रचलेलं नाही, 'शान हाय चिंग' या दोन हजारांहून जास्त वर्षं जुन्या ग्रंथात ते आहे. तिथला तो प्राणी तान्ह्या बाळासारखा आवाज काढतो आणि माणसं खातो. पुढच्या कथांत कोल्हीण म्हणजे पुरुषांना नादी लावणारी, राज्य बुडवणारी. चीनचं प्राचीन शांग राजघराणं बुडालं त्याचं खापरही दाजी नावाच्या राणीवर फोडलं, आणि ती कोल्हीण होती असं ठरवून टाकलं. थांग छीने त्याच कोल्हिणीला घरंदाज, वयाने मोठी, मान असलेली बाई केलं आणि जवळजवळ सगळी गोष्ट तिच्याच तोंडून सांगितली. ये ह्वा तिच्यापेक्षा 90,000 वर्षांनी लहान आहे आणि तिला ते सारखं जाणवत असतं. आपल्याकडे नवरी दोन वर्षांनी मोठी असली तरी कुजबुज होते.

ही कादंबरी चिन्च्यांग या संकेतस्थळावर क्रमशः आली. 2003 पासूनचं आहे ते, आणि तिथे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बहुतेक बायकाच. प्रत्येक प्रकरणाखाली वाचक आपलं म्हणणं मांडतात. उशिरा डोळे उघडलेल्या नवऱ्याने अर्धी कादंबरी पश्चात्तापात काढायची, असा एक अख्खा प्रकार तिथे पुढे वाढला, कारण वाचणाऱ्यांना ते बघायचं होतं. ये ह्वाही भोगतो. मो युआनला उठवण्याचं औषध आणायला चार हिंस्र पशूंशी लढतो, हात गमावतो, हजारो वर्षांची साधना त्या औषधात ओततो. म्हणून माफी फुकट मिळाली असं मी म्हणणार नाही.

वकीलबाई_वसई

मी वांद्र्याला कुटुंब न्यायालयात वकिली करते, आणि मला वरच्या दोन्ही प्रतिसादांशी भांडायचं आहे.

ये ह्वाने हात गमावला, साधना गमावली. बरं. पण हेही त्याने तिला न सांगताच केलं! डोळे काढले तेव्हा सांगितलं नाही, हात गेला तेव्हाही सांगितलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचं म्हणणं नेमकं हेच असतं. मारहाण नाही, व्यसन नाही, माणूस कष्टाळू आहे. पण घर विकल्याचं तिला कागद आल्यावर कळतं, कर्ज काढल्याचं वसुलीवाले दारात आल्यावर कळतं, आणि वर ऐकायला मिळतं की तुला त्रास नको म्हणून बोललो नाही. त्याने किती सोसलं हा तिच्या तक्रारीचा जबाब होत नाही. तिची तक्रार वेगळी आहे. मला का नाही विचारलं?

आणि तो स्वर्गातला निवाडा बघा. आरोप सू चिनचा, साक्षीदार कुणी नाही, आरोपीचं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही. ती ओरडून सांगते की मी ढकललं नाही. नवऱ्याचा तिच्यावर विश्वास असेलही, पण तो तिथे उभा राहून तसं म्हणत नाही. सू चिनला शिक्षा झाली, ठीक. ज्या सम्राटाच्या राज्यात असा निवाडा होतो तो मात्र शेवटपर्यंत सिंहासनावर आहे आणि त्याला कुणी एक प्रश्न विचारत नाही. गिरगावच्या बाईंना डोळे परत घेण्याचा प्रसंग आवडला, मलाही आवडला. पण तो हिशेब दोन बायकांत मिटवला गेला. राजवाडा तसाच राहिला.

आता माफी. ती दार लावून बसली होती, ते बरोबरच होतं. मग लेखिकेने काय केलं? ये ह्वाला लढाईत मारलं. तो जुना वैरी पुन्हा सुटायला निघतो, ये ह्वा त्याला रोखायला जातो, ती धावत पोचते आणि तो तिच्या हातांत जातो. आता ती काय करणार? मेलेल्या माणसावर राग धरून बसणारी बाई कुणाला आवडेल? जे बोलणं तिला हक्काने ऐकायचं होतं त्याला वेळच उरला नाही. तीन वर्षांनी तो परत येतो तेव्हा ती इतकी रडून झालेली असते की राग शिल्लक नसतो. लालबागच्या ताई, तुमचा संशय खरा आहे. तिला नमवलं नाही, पण तिच्यापुढचा प्रश्न काढून घेतला.

तरीही पुस्तक मला आवडतं, ते त्या आरशाच्या प्रसंगासाठी. तिथे ती माफही करत नाही आणि सूडही घेत नाही. देणंघेणं संपलं म्हणते. कागदावर सही झाल्यानंतर जिन्यात उभ्या राहिलेल्या काही बायकांच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं आहे.

गिरगावची_बाई

वकीलबाई, सम्राटाचं तुमचं म्हणणं मला पटलं. पण ये ह्वाच्या मरणाबद्दल थोडं वेगळं सांगते. तो मेल्यावर ती जे करते ते वाचून बघा. त्याचा देह सोडायला तयार होत नाही. स्वर्गातले लोक न्यायला येतात, ती देत नाही. हीच बाई पूर्वी गुरूच्या देहाशी 70,000 वर्षं बसली होती. तेव्हा कर्तव्य होतं, उपकार फेडणं होतं. आता काय आहे? राग आणि प्रेम दोन्ही एकाच वेळी आहे, एकाने दुसरं पुसलं जात नाही. माझे यजमान गेले तेव्हा आमचा अबोला चालू होता. मला ती पानं खोटी वाटली नाहीत.

वकीलबाई_वसई

बाई, याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या नजरेने ती पानं पुन्हा वाचते.

लालबागची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला फोन करून पाटल्यांचं पुन्हा विचारलं, कारण गिरगावच्या बाईंनी 'तोंड बघत नाही' लिहिलं ते डोक्यातून जाईना.

आई म्हणाली, आजीला अबोला धरायचाच होता, पण धरणार कुठे? एक खोली, त्यात सात माणसं, मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला सगळ्या मजल्याचा. नवऱ्याशी बोलायचं नाही ठरवलं तर पाणी भरताना, ताट वाढताना, मुलांदेखत काय करायचं? म्हणून ती बोलत राहिली आणि हात मोकळे ठेवले. आजोबांना ते रोज दिसत होतं, ताट वाढताना तर समोरच. ते शेवटपर्यंत तिच्या हातांकडे बघायचे नाहीत, हे आईने मला काल पहिल्यांदा सांगितलं.

बाय छ्येनला छिंगछ्यू आहे. अख्खं माहेर आहे, वेस आहे, तिथे नवऱ्याला उभं करून ठेवता येतं. तिच्या कणखरपणातला मोठा वाटा मला आता हा वाटतो. मर्त्य असताना हे काहीच नव्हतं, म्हणून तिला कडा गाठावा लागला. तीच बाई, तोच स्वभाव, फक्त जायला जागा मिळाली आणि तिला नाही म्हणता आलं. माझगाव डॉक, तुम्ही म्हणालात तशी ती एकटीने पार झाली हे खरं, पण मला तिचं ते एकटेपण मोठं करून सांगायचं नाही, निदान अठरा वर्षांच्या मुलीला तरी नाही.

माफीबद्दल मी वकीलबाईंच्या बाजूची. पुस्तकाने त्या दोघांना समोरासमोर बसवायला हवं होतं, तो धडधाकट असताना. तिने विचारायला हवं होतं आणि त्याला उत्तर देता आलं नसतं तरी चाललं असतं.

भाचीला पुस्तक देते आहे. माझगाव डॉक, यानंतर काय द्यावं? फंग च्यू म्हणजे बाय छ्येनच्या भाचीवर याच लेखिकेची वेगळी कादंबरी आहे असं दिसतंय.

माझगाव_डॉक

आहे. पण ती लगेच देऊ नका. फंग च्यू बहुतेक वेळ एका थंड पुरुषाच्या मागे धावते, बाय छ्येननंतर लगेच वाचली तर भाची चिडेल. मध्ये काही महिने जाऊ द्या. आणि मालिका पुस्तकानंतर. मालिकेत ये ह्वा आणि मो युआन दोघांचं काम मार्क चाओने एकट्यानेच केलंय. चेहरा एकच असल्यामुळे तिची ओढ कुणाकडे आहे हे आधी पडद्यावर बघितलं, तर पुस्तकात ती गुरूबद्दल जे बोलते त्याचा भलताच अर्थ लागतो.

वकीलबाई_वसई

आणि भाचीने वाचून झाल्यावर तिला इथे लिहायला सांगा. माफीचं ती काय म्हणते ते मला ऐकायचं आहे.